भंगारातल्या ट्रान्झिस्टरचे वय

तुमच्या गावात भंगाराचे दुकान असेलच. पत्रे, सायकलींच्या रिंगा, फुटक्या बादल्या यांच्या ढिगात कधी तरी तुम्हाला चौकोनी प्लॅस्टिकची पेटी दिसेल. तिला पुढे जाळी, कडेला दोन चक्र्या आणि वर कातडी पट्टा असतो. भंगारवाल्याच्या लेखी तिची किंमत म्हणजे स्पीकरचे चुंबक आणि थोडी तांब्याची तार. तो पेटी फोडतो, हवे ते काढतो आणि उरलेले फेकतो. ती पेटी फुटण्यापूर्वी तुमच्या हाती यावी, यासाठी हा लेख.

गेल्या उन्हाळ्यात इस्लामपुरातल्या अशाच एका दुकानातून मी एक ट्रान्झिस्टर रेडिओ दीडशे रुपयांना घेतला. कंपनीच्या नावाची पट्टी निघून गेली होती, मागचे झाकण तडकले होते, सेलच्या जागी पांढरी-हिरवी बुरशी माजली होती. आवाजाचा तर प्रश्नच नव्हता. मनात पहिला प्रश्न आला तो हा, की याचे वय किती?

ट्रान्झिस्टर हे खरे पाहता आतल्या एका लहानशा घटकाचे नाव. बार्डीन, ब्रॅटन व शॉक्ली यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तो १९४७ च्या डिसेंबरात तयार केला आणि त्याबद्दल तिघांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५४ साली तिकडे खिशात मावेल असा चार ट्रान्झिस्टरांचा रेडिओ विक्रीस आला. आपल्याकडे फिलिप्सने पुण्याजवळ रेडिओचा कारखाना काढला तो १९५९ मध्ये. मर्फीचे रेडिओ ठाण्यात तयार होत. आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ पासून जर्मेनियमचे अर्धसंवाहक घटक बनवण्यास सुरुवात केली. पुढे लोक घटकाचे नाव अख्ख्या पेटीलाच देऊ लागले. तेव्हा आपल्या पेटीचे वय मोजण्याची सुरुवात १९६० च्या आसपास होणार हे उघड आहे. प्रश्न राहतो तो पुढच्या तीस वर्षांचा.

इथे एक युक्ती ध्यानात ठेवा. पेटीवर तारीख छापलेली क्वचितच सापडते. पण प्रत्येक खूण दोनपैकी एक गोष्ट सांगते: 'मी अमुक सालाच्या आधीची नाही' किंवा 'मी अमुक सालाच्या नंतरची नाही'. अशा खुणा दोन्ही बाजूंनी जमवत गेलात की मधली फट अरुंद होत जाते.

उदाहरणार्थ, डायलवरचे एकक पाहा. पूर्वी कंप्रता किलोसायकल व मेगासायकलमध्ये लिहीत. 'हर्ट्झ' हे नाव आंतरराष्ट्रीय परिषदेने १९६० मध्ये स्वीकारले आणि कारखान्यांच्या अंगवळणी पडायला त्यानंतर कित्येक वर्षे गेली. म्हणून डायलवर मेगाहर्ट्झ असेल तर पेटी बहुधा १९६० नंतरची. मेगासायकल असेल तर ती बहुधा जुनी. पण 'बहुधा'च, कारण जुना ठसा वापरत राहणारा कारखानदार काही दुर्मिळ नाही.

दुसरी खूण विक्रेत्याच्या चिकटपट्टीवर असते. आपल्याकडे पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. पत्त्यात सहा आकडे असतील (इस्लामपूरचे ४१५४०९) तर ती चिकटपट्टी त्या दिवसाच्या आधीची असूच शकत नाही. मात्र पिनकोड नाही म्हणून पेटी १९७२ पूर्वीची, असा उलटा निष्कर्ष काढू नका. असलेली गोष्ट पुरावा देते. नसलेली गोष्ट फार तर शंका देते. माझ्या वर्गातील हुशार मुलेही इथे हमखास घसरतात. त्याचप्रमाणे पेटीला एफएम पट्टा असेल तर १९७७ आठवा. त्या वर्षी मद्रासला आकाशवाणीने एफएम प्रक्षेपण प्रथम सुरू केले. प्रत्यक्षात एफएम असलेली बहुतेक पेटी त्याच्याही बरीच नंतरची निघते.

पण मला स्वतःला सर्वांत आवडणारी खूण पेटीच्या आत आहे, आणि ती वाचायला मल्टीमीटर लागतो. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते. १९७० च्या दशकात सिलिकॉनने त्यांची जागा घेत घेत नेली. पेटी चालू करून ट्रान्झिस्टरच्या बेस व एमिटर या दोन पायांमधला विद्युत्‌दाब मोजा. सुमारे ०.२ व्होल्ट आला तर जर्मेनियम, ०.६ ते ०.७ आला तर सिलिकॉन. सगळे जर्मेनियम म्हणजे पेटी बहुधा साठीच्या दशकातली; पुढे सिलिकॉन आणि शेवटी स्पीकरला ढकलणारी जोडी तेवढी जर्मेनियमची, म्हणजे मधल्या संक्रमणकाळातली; सगळेच सिलिकॉन, म्हणजे त्यानंतरची. बारावीच्या पुस्तकात जो आलेख तुम्ही पाठ करता, तोच इथे दिनदर्शिकेचे काम करतो!

माझ्या पेटीच्या डायलवर मेगासायकल होते. आत एएफ ११७ जातीचे तीन ट्रान्झिस्टर होते; हे जर्मेनियमचे आणि १९६० च्या आसपास बाजारात आलेले. मात्र मध्येच एक बीसी १४८ बसवलेला होता. हा सिलिकॉनचा! म्हणजे पेटी सत्तरीतली म्हणायची काय? भिंग घेऊन उलट बाजू पाहिली. इतर सांध्यांचा डाख काळवंडलेला व सारखा होता. या एकाचाच ओबडधोबड, भोवती राळेचा पिवळा थर. तो नंतर कोणा कारागिराने बदललेला होता. जुन्या वाड्याला नवी खिडकी बसवली म्हणून वाडा नवा होत नाही. पण अशा खिडकीला फसून वाड्याचे वय चुकवणारे बरेच असतात.

नंतरची मर्यादा मिळाली ती अनपेक्षितपणे. भंगारवाल्याने पेटी कोणत्या घरातून आली ते सांगितले, मी तिथे गेलो. घरातल्या आजी म्हणाल्या, "आमचं मालक रातचं उसाला पाणी पाजाय जाताना ह्यो गळ्यात अडकवून जायचं, बाळ." आणि त्यांनी ट्रंकेतून एक मळकी पुस्तिका काढून दिली. तुम्हाला नवल वाटेल, पण त्या काळी रेडिओ ऐकायला सरकारी परवाना लागे. तो पोस्टात मिळे, दरवर्षी शुल्क भरून नवा करून घ्यावा लागे, आणि पोस्टाचा तारखेचा शिक्का त्यावर पडे. १९८० च्या दशकात ही पद्धत गेली. आजींच्या पुस्तिकेवरचा पहिला शिक्का १९६८ चा होता. घरात त्याआधी दुसरा रेडिओ नव्हता असे त्यांनी ठामपणे सांगितले. म्हणजे १९६० ते १९६८. फट आठ वर्षांवर आली. अशी माहिती मिळाली की चिठ्ठीवर लिहून पेटीत ठेवा: कोठे मिळाली, केव्हा, कोणी काय सांगितले. चिठ्ठी नसलेल्या पन्नास पेट्यांपेक्षा चिठ्ठीसह पाच पेट्यांचा संग्रह मी मोलाचा समजतो.

आता दुरुस्ती. पेटी सेलवर चालणारी असेल तरच उघडा; विजेवर चालणाऱ्या, विशेषतः काचेच्या व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओत जीवघेणा दाब असतो, तिकडे हात घालू नका. सेलचे संपर्क व्हिनेगरने पुसून, पाण्याने स्वच्छ करून, वाळवून घासा. निम्म्या पेट्यांचा आजार तेवढाच असतो. सेल घालताना काळी तार म्हणजे ऋण असे धरून चालू नका. जुन्या जर्मेनियम मांडणीत बहुधा धन टोकच सामाईक असते. झाकणातील खुणा पाहूनच सेल बसवा. आवाज क्षीण असेल किंवा मोटारसायकलीसारखी फटफट येत असेल तर आतील द्रव वाळलेला कंडेन्सर बदला. पाच-दहा रुपयांचे काम. आवाजाची चक्री फिरवताना खरखर आली तर तिची आतली पट्टी मळलेली असते.

माझी पेटी याने बोलली नाही. कारण निघाले मोठे मजेदार. एएफ ११७ च्या धातूच्या टोपीला आतून कथिलाचा मुलामा असतो. वर्षानुवर्षे त्या कथिलातून केसापेक्षा बारीक तंतू उगवतात आणि आतल्या पायांना टेकून मंडल बिघडवतात. धातूला दाढी फुटते म्हणा ना! या जातीला चौथा पाय असतो, तो नुसता टोपीला जोडलेला. तो पाय कापला की तंतू टेकलेलाच राहतो, पण टोपीचा मंडलाशी संबंध तुटतो आणि ट्रान्झिस्टर बहुधा पुन्हा कामाला लागतो. तिन्ही पाय कापले. मूळचा एकही भाग फेकावा लागला नाही.

एक चूक मात्र माझ्यासारखी करू नका. कॉलेजात असताना मी एका रेडिओतील चौकोनी डब्यांचे रंगीत स्क्रू लोखंडी पेचकसाने 'जरा घट्ट' केले होते. ते स्क्रू नसतात. ४५५ किलोहर्ट्झला जुळवलेल्या वेटोळ्यांचे ठिसूळ फेराइटचे गाभे असतात. दोन गाभे तडकले आणि तो रेडिओ पुन्हा कधीच नीट लागला नाही.

याच ४५५ चा एक उपयोग सांगतो. रेडिओ स्वतःच्या आत, लावलेल्या केंद्रापेक्षा ४५५ ने जास्त कंप्रतेचे कंपन निर्माण करतो. ते होते आहे काय, हे दुसऱ्या चांगल्या रेडिओवर ऐकता येते. सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले. त्याची मध्यम लहरींवरची कंप्रता १२५१. चांगल्या रेडिओवर १२५१, किंवा १००० च्या वरचे ऐकू येणारे कोणतेही केंद्र लावा. शेजारी मुक्या रेडिओची चक्री ७९६ च्या आसपास हळूहळू फिरवा (१२५१ वजा ४५५). चांगल्या रेडिओत शिट्टी उठली की समजा मुक्या रेडिओचे हृदय चालू आहे, दोष पुढे कोठे तरी आहे.

जाता जाता १२५१ ला ९ ने भागून पाहा. पुण्याच्या ७९२ ला आणि मुंबईच्या ५५८ लाही. बाकी शून्य! २३ नोव्हेंबर १९७८ पासून आपल्या भागातील मध्यम लहरींची केंद्रे आंतरराष्ट्रीय करारानुसार नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांवर बसवली गेली.

आकाशवाणीने अलीकडच्या वर्षांत मध्यम लहरींचे बरेच प्रक्षेपक बंद केले आहेत. त्यामुळे दुरुस्त केलेली पेटी दिवसा गप्प बसली तर लगेच तिला दोष देऊ नका. रात्री आठनंतर अंगणात घेऊन बसा, तेव्हा आयनांबरावरून परतलेल्या दूरच्या लहरी येतात. केंद्र लागले की पेटी आडवी ठेवून सावकाश फिरवा. आतल्या फेराइटच्या दांड्याचे टोक केंद्राकडे वळले की आवाज सर्वांत क्षीण होतो. आजींची पेटी त्यांच्या ओट्यावर ठेवून आम्ही हाच प्रयोग केला, नकाशा व होकायंत्र घेऊन. आवाज कोठे पडला त्याची रेघ खडूने ओट्यावर मारली. आजी म्हणाल्या, ती पुसू नका.