लादिनो गाणं, मराठी कीर्तन

गिटारचे झणझणीत झंकार, दोघातिघांनी टाळ्यांवर धरलेला ठेका आणि त्यावर जुन्या स्पॅनिश वळणाच्या भाषेत गाणारी बाई. सेफार्दी ज्यूंचं संगीत म्हणून आज अनेक वाद्यवृंद जे ऐकवतात, त्याचा हा ठरलेला थाट. पाचशे वर्षांचा वारसा, अशी त्याची ओळख करून दिली जाते. गाणी सुंदर असतात, यात वाद नाही. वंशावळ मात्र जरा तपासून घ्यावी.

सेफार्दी म्हणजे मूळचे स्पेन-पोर्तुगालचे ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने त्यांना देशाबाहेर काढलं आणि १४९७ मध्ये पोर्तुगालने सक्तीने बाटवलं. सुटले ते थेस्सालोनिकी, इस्तंबूल, मोरोक्को असे पांगले. त्यांच्याबरोबर ही जुनी स्पॅनिश, म्हणजे लादिनो भाषा गेली. गाणी टिकवली ती मुख्यतः बायकांनी, लग्नाकार्यात डफ वाजवत. शब्द घरचे राहिले, चाली मात्र ज्या गावात राहिले तिथल्या झाल्या. तुर्की मकाम, म्हणजे तिकडचे राग आले, पुढे टँगोही आला. ‘आदिओ केरिदा’ या गाजलेल्या गाण्यावर तर व्हर्दीच्या १८५३ च्या ‘ला त्राव्हियाता’ ऑपेराची छाया आहे. मध्ययुग कुठे आणि व्हर्दी कुठे!

गिटार-टाळ्यांचा तो थाट फ्लामेंकोचा, आणि त्याचंही वय तसंच कमी. दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियात हितानो, म्हणजे तिथल्या जिप्सींच्या वस्त्यांत हा प्रकार आकाराला आला तो अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. तोवर ज्यूंना देश सोडून तीनशे वर्षं होत आली होती. थेस्सालोनिकीच्या आजीने फ्लामेंको गायलेलं नाही. ही सांगड अलीकडची, आणि यास्मिन लेव्हीसारख्या गायिकेने ती जाणूनबुजून घातली. तिच्या वडिलांनी आयुष्यभर लादिनो गाणी गोळा केली. ती सेव्हिलला जाऊन फ्लामेंको शिकली.

सांगड जमते, कारण सूर जवळचे आहेत. फ्लामेंकोच्या मुळाशी भैरवीसारखे कोमल रे, ग, ध, नी असतात. त्यातला गंधार शुद्ध केला की आपला बसंत मुखारी होतो, आणि पश्चिम आशियातला हिजाझ मकामही त्याच्या शेजारीच. ताल मात्र आपल्याला चकवतो. फ्लामेंकोच्या बुलेरिया या प्रकारात मात्रा बारा, एकतालाइतक्याच. पण वजन पडतं ते तीन-तीन-दोन-दोन-दोन असं. एकतालाची सवय असलेला हात इथे हमखास चुकतो.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. तारापूर, केळवे-माहीम, वसई हा पट्टा १७३९ पर्यंत त्याच पोर्तुगालच्या ताब्यात होता. स्पेनमधून हाकललेल्या ज्यू कुटुंबात जन्मलेला वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला. वरकरणी ख्रिस्ती. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं. त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी बहीण कातारिनाला इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने जाळलं आणि १५८० मध्ये त्याची हाडंही उकरून जाळली. जिथे शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार पाळल्याच्या संशयावरूनही माणूस पकडला जाई, तिथे लादिनो गाणं मोठ्याने कोण म्हणणार?

कोकणात ज्यू गाणं रुजलं ते दुसऱ्याच वाटेने. अलिबागकडचे बेने इस्राएल ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’, यांना कोचीच्या ज्यू शिक्षकांनी हिब्रू प्रार्थना शिकवल्या, आणि त्या सेफार्दी पद्धतीच्या. ठाण्याचं १८७९ चं सिनेगॉग याच समाजाचं. 

प्रार्थना हिब्रूत, पण मन रमायचं मराठीत. १८८० च्या सुमारास या मंडळींनी हरदासी कीर्तन उचललं. साकी, दिंडी, ओवी, मधे निरूपण. फक्त आख्यान तोरा या ज्यू धर्मग्रंथातलं. बेंजामिन शिमशोन अष्टमकरांचं ‘अब्राहाम चरित्र’ १८८२ मध्ये छापून आलं. गंमत म्हणजे लादिनोतलं एक अतिशय लाडकं गाणंही अब्राहामाच्याच जन्माचं आहे. निमरोद राजा आकाशाकडे पाहतो आणि त्याला ज्यू आळीवर प्रकाश दिसतो. अब्राहाम अजून जन्माला यायचा आहे, मग ज्यू आळी कुठून आली, हे विचारायचं नाही! गाणाऱ्यांनी स्वतःची गल्ली त्यात बसवली. आपल्याकडच्यांनी दिंडी बसवली.

बेने इस्राएलांच्या मलिदा या प्रसादाच्या ताटातही हेच. पोहे, गूळ, ओलं खोबरं, भोवती फळं. नाव घ्यायचं एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं. सेफार्दी घरांतही याच एलियाहूची गाणी म्हणतात, पण ताट कोकणाचं.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएलला गेले. तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं आणि फ्लोरा सॅम्युएल यांच्यासारख्यांनी कीर्तन पुन्हा उभं केलं. एके काळी पुरुषांनी उभं राहून करायचं हे कीर्तन तिथे आता प्रामुख्याने बायका गातात.