ओव्हनवर एरर कोड आला? आधी हे करा

पंडरीतल्या आणि एकूणच रायपूरच्या मराठी मंडळींनो, ही पोस्ट जपून ठेवा.

ओव्हनच्या डिस्प्लेवर ‘ई’ किंवा ‘एफ’ आणि पुढे आकडा दिसला, तर सारखी बटणं दाबू नका.

✅ कोडचा फोटो काढा. ओव्हन बंद करून भिंतीवरचा स्विच किंवा एमसीबी पाडा.
✅ पाच मिनिटांनी पुन्हा चालू करा. कोड परत आला नाही, तर बहुधा विजेच्या चढउताराचा परिणाम. परत आला, तर वापर थांबवा.
✅ कोडचा अर्थ मॅन्युअलमध्येच पाहा. तो प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. बहुतेकदा तापमानाचा सेन्सर, दाराचं लॉक किंवा पंखा यांपैकी काहीतरी बिघडलेलं असतं.

⚠️ जळका वास आला, ठिणगी किंवा धूर दिसला, तर वीज तोडा, दार बंदच ठेवा. आग आवरली नाही, तर बाहेर पडून ११२ लावा.
⚠️ मायक्रोवेव्ह घरी अजिबात उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब उरू शकतो.

रायपूरचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो. ओव्हनमागे हवा खेळती ठेवा, जाळी पुसत राहा.

वॉरंटीतली दुरुस्ती टाळली जात असेल, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.