दमसास आणि विरळ हवा
हँडबॉलमध्ये 40 मीटरच्या मैदानावर धाव, उडी, फेक आणि लगेच बचावासाठी माघारी पळणं; मधल्या क्षणांत स्नायूंना झटपट ऊर्जा देणारं क्रिएटिन फॉस्फेट पुन्हा भरून यायला प्राणवायू लागतो. म्हणून एक पद्धत पुढं आली: धावताना साधी हवा, दोन धावांमधल्या विश्रांतीत मात्र कमी प्राणवायूची. हेतू असा, की वेग न गमावता शरीरावरचा ताण वाढावा. विश्रांती फारच तोकडी असेल, तर पुढची धाव मंदावणारच. अशी कमी प्राणवायूची हवा उंच डोंगरावर मिळते; पण मध्य प्रदेशातली पांढुर्णा, सौंसर ही गावं समुद्रसपाटीपासून 500 मीटरच्याही आत. इथली हवा काही विरळ नाही. मग बाजारात मिळणारा सरावाचा मास्क लावला तर? त्यानं श्वास जड होतो, पण हवा डोंगरमाथ्यासारखी विरळ होत नाही. त्यापेक्षा दोन धावांमधले सेकंद थोडेसे घटवणं फुकटात होतं. मे महिन्यात हा सराव ऊन चढायच्या आत उरकावा.