पुन्हा पहिल्यापासून

आमचे चिरंजीव अकरावीत आहेत. गेल्या मे महिन्यात एके दुपारी मी त्यांच्या खोलीत डोकावलो, तो संगणकाच्या पडद्यावर कुणाचा तरी जीव घेणे चालले होते. मरणारा प्राणी अगदीच गरीब दिसत होता.

"अरे, त्याने तुझे काय केले?"

"काही नाही बाबा. या खेपेला मी दुष्ट आहे," चिरंजीव उत्तरले, जणू या खेपेला फलंदाजी त्यांची होती!

वीस वर्षे मी वर्गात खलपात्रांवर बोलत आलो आहे. निळू फुल्यांचा पडद्यावरचा पाटील पाहून बायका शिव्याशाप देत, आणि माणूस मात्र सेवादलात घडलेला, हे माझे ठरलेले उदाहरण. पण घरातच खलनायक निघाल्यावर माझ्यातला प्राध्यापक पळाला आणि बाप तेवढा उरला. "पोरगा हाताबाहेर चालला," मी सौभाग्यवतींना म्हणालो.

"आधी खेळून तर बघा," त्या म्हणाल्या.

या खेळांत कुणाला मारायचे, कुणाला वाचवायचे हे खेळणारा ठरवतो आणि कथा तशी वळते. ही कल्पना जुनी आहे. १९८५ च्या 'अल्टिमा ४' मध्ये मारायला कुणी महाखल नव्हताच; आठ सद्गुण अंगी बाणवायचे, एवढेच ध्येय. त्यात जादूच्या वनस्पती विकणारे दुकानदार आंधळे. किती पैसे ठेवायचे ते तुम्ही ठरवा! कमी ठेवलेत तर कुणी हटकत नाही. प्रामाणिकपणाच्या खात्यात मात्र वजाबाकी होते.

चिरंजीवांचा खेळ 'अंडरटेल', टोबी फॉक्स या तरुणाने बहुतांशी एकट्याने रचलेला, २०१५ चा. राक्षसांच्या पाताळात पडलेले मूल म्हणजे आपण. सुरुवातीलाच टोरिएल नावाची, शेळीच्या तोंडाची, मायाळू बाई भेटते. ती हात धरून नेते. आपण झोपलो की शेजारी स्वतः भाजलेला गोड पदार्थ ठेवून जाते. पण बाहेर मुलाचा जीव जाईल या भीतीने ती वाट अडवून उभी राहते. तिथे 'मारा' किंवा 'सोडा', असे दोन्ही मार्ग असतात. मी तीन-चारदा 'सोडा' निवडले. काही होईना. मग कंटाळलो. चार तडाखे बसले की होईल बाजूला, असे वाटले. एका तडाख्यासरशी ती गेलीच! मी अगदी दुबळा झालो, तेव्हा तिचे अग्निगोळे मला चुकवून जात होते, हे मग आठवले.

चिरंजीव झोपले होते. मी गुपचूप मागच्या टप्प्यावरून खेळ सुरू केला, चिकाटीने 'सोडा' निवडत राहिलो आणि तिला वाचवली. पुढल्या दालनात एक हसरे फूल माझी वाटच पाहत होते. तू तिला मारलेस आणि पस्तावून परत आलास, हे मला ठाऊक आहे, असे ते चक्क म्हणाले! रात्री एक वाजता मराठीचा प्राध्यापक एका फुलापुढे खजील होऊन बसला.

सकाळी चिरंजीवांना विचारले, "दुष्ट होऊन काय मिळाले?"

"कंटाळा! एकेकाला हुडकून मारावे लागते. मग गावे ओस पडतात, बोलायलासुद्धा कुणी उरत नाही. दिला सोडून."

'मास इफेक्ट' या खेळात सुमारे ९२ टक्के लोक सज्जनाच्या वाटेने गेले, असे त्यावर काम केलेल्या एकाने २०२० मध्ये सांगितले होते. मीही स्वतःला त्यांतलाच समजत होतो. पण मुलगा ठरवून दुष्ट झाला आणि परतला. मी सज्जन म्हणून शिरलो आणि केवळ कंटाळ्यापोटी घात केला.

त्या दिवशी मला एक विद्यार्थिनी आठवली. निबंध उशिरा आणला म्हणून, तिचे कारण न ऐकताच मी तिला दारातून परत पाठवले होते. पुढे ती महाविद्यालय सोडून गेली. मागच्या टप्प्यावरून सुरू करण्याची सोय इथे नाही. पत्ता मिळवून मी तिला पत्र टाकले आहे. उत्तर अजून आलेले नाही.