लव्हाळं लावताय? आधी त्रिकोण तपासा!

मित्रहो, 'गवत' म्हणून आपण जे तुडवत रोज मेसकडे जातो, ते सगळंच गवत नसतं. एक काडी उपटा आणि दोन बोटांत धरून फिरवा. काडी गोल, बहुधा पोकळ आणि मध्ये पेरं असतील तर ते गवत. तीन कडा बोटाला लागल्या, काडी आतून भरीव निघाली आणि पेर सापडलं नाही, तर ते लव्हाळं! काही लव्हाळ्यांची काडी गोलही असते, म्हणून पानंही बघा. गवताची पानं दोन ओळींत येतात, लव्हाळ्याची तीन ओळींत. सायपरेसी नावाच्या या कुळात जगभरात साधारण साडेपाच हजार जाती आहेत.

त्रिकोण कशासाठी?

मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी इथे कान टवकारावेत. शाफ्ट गोल का असतो? कारण तेवढ्याच क्षेत्रफळाच्या भरीव कापांमध्ये गोल काप पिळाला सगळ्यात जास्त विरोध करतो. त्रिकोणी काप वाकायला बऱ्यापैकी टणक, पण पिळाला मऊ. रोलंड एन्नोस या संशोधकाने १९९३ साली कॅरेक्स जातीच्या एका लव्हाळ्याच्या दांड्याचा नेमका हाच अभ्यास मांडला. वारा आला की दांडा आधी पिळून पाठ फिरवतो, त्यामुळे मोडत नाही. पुरात टिकणाऱ्या लव्हाळ्याचा दृष्टांत तुकोबांनी नम्रतेसाठी दिला. आपण त्यात स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सही वाचू शकतो!

बागेत याचं काय काम?

प्रत्येक कॅम्पसमध्ये एक जागा अशी असतेच, जिथे लॉन कधी टिकत नाही. टाकीच्या ओव्हरफ्लोखाली, पागोळ्या पडतात तिथे, नाहीतर उताराच्या तळाशी. पाणी साचलं की मातीतली हवा संपते आणि लॉनची मुळं गुदमरतात. ओलीत वाढणाऱ्या लव्हाळ्याच्या शरीरात हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून पानांकडची हवा खाली मुळांपर्यंत पोहोचते. त्यातला थोडा ऑक्सिजन मुळांभोवतीच्या चिखलात झिरपतो आणि तिथल्या जिवाणूंना सांडपाण्यातली घाण कुजवायला मदत होते. वनस्पती वापरून सांडपाणी शुद्ध करण्याच्या वाफ्यांत लव्हाळी लावतात ती यासाठीच. म्हणजे जिथे आपण दरवर्षी नवीन लॉन अंथरून पैसे घालवतो, तिथे योग्य लव्हाळं फुकटात काम करेल. 'योग्य' हा शब्द मात्र महत्त्वाचा.

निवडताना चार प्रश्न

पाणी वर्षभर आहे की फक्त पावसाळ्यात? ऊन किती तास? झाड पुंजक्याने वाढतं की जमिनीखालून धावतं? आणि ते मूळचं कुठलं? यातला तिसरा प्रश्न सगळे विसरतात आणि तोच सगळ्यात महाग पडतो.

*अंब्रेला पाम* : नर्सरीत या नावाने मिळतं, पण पामशी काही संबंध नाही. हे आफ्रिका-मादागास्करकडचं लव्हाळं. दांड्याच्या टोकाला छत्रीच्या काड्यांसारखी पानं. थोडी सावलीही चालते, त्यामुळे होस्टेलच्या चौकात छान दिसतं. विकत घ्यायचीही गरज नाही. एक छत्री कापा, पानं अर्धी छाटा आणि पाण्यात उलटी ठेवा, मुळं फुटतात. मात्र ओढ्याकाठी लावू नका. तिथून निसटलं तर ते आपल्या हातात राहत नाही.

*पपायरस* : इजिप्तच्या प्राचीन कागदाचं झाड. 'पेपर' हा शब्दही यावरूनच आला. उंची चार-पाच मीटरपर्यंत जाते, म्हणून छोट्या हौदाला शोभत नाही. भरपूर ऊन आणि कायमचं पाणी असेल तरच घ्या. जागा कमी असेल तर बुटकं पपायरस बरं.

*कॅरेक्स* : पिवळ्या पट्ट्यांच्या पानांचे हे पुंजके परदेशी बागांच्या फोटोंत फार छान दिसतात. पण ते बहुतेक थंड हवेचे पाहुणे. मराठवाडा-विदर्भाच्या मे महिन्यात त्यांच्यावर पैसे घालू नयेत.

*देशी जाती* : किलिंगा हे बुटकं लव्हाळं ओलसर लॉनमध्ये आपणहून येतं. पांढऱ्या बटणासारखा तुरा ही त्याची खूण. सतत ओल असलेल्या कोपऱ्यात ते उपटण्यापेक्षा राहू द्यावं. फिंब्रिस्टायलिसचे बारीक पुंजके पावसाळी ओलीच्या जागी शोभतात. कसेरू उंच आणि दणकट, पण जमिनीखालून धावतं. ते कुंडीत लावून कुंडी हौदात ठेवावी. देशी रोप हवं म्हणून कासच्या पठारावरून उपटून आणायचं नाही बरं का! आपल्याच आवारातल्या किंवा ओळखीच्या शेताच्या बांधावरच्या पुंजक्याचा तुकडा पुरतो.

आणि एक खलनायक

नागरमोथा! आयुर्वेदात 'मुस्ता' म्हणून मान आणि सुगंधी तेलामुळे बाजारात किंमत. पण बागेत आला की डोकेदुखी. १९७७ साली निघालेल्या जगातल्या सर्वात वाईट तणांवरच्या ग्रंथात याचा नंबर पहिला होता. जमिनीखाली गाठींची माळ असते. वरचा कोंब उपटला की गाठ तशीच राहते आणि पुन्हा फुटते. हा बहुतेक वेळा बागेसाठी आणलेल्या मातीतून शिरतो. म्हणून ट्रॉली रिकामी करण्याआधी चार ठिकाणची माती चाळून काळपट, सुवासिक गाठी आहेत का ते बघा. आधीच आला असेल तर एप्रिल-मेमध्ये जमीन खणून गाठी उघड्या पाडा आणि पाणी बंद ठेवा. कडक उन्हात पूर्ण सुकलेली गाठ मरते. शिवाय याला सावली मानवत नाही, म्हणून तिथे नंतर दाट झाडी लावा.

लावताना

पहिल्या पावसानंतर पुंजका फोडून हात-दीड हात अंतरावर लावा. वर्षातून एकदा, उन्हाळ्याअखेरीस, वाळलेली पानं कापा. हौद असेल तर डासांसाठी गप्पी मासे सोडा, पण बंद हौदातच. ओढ्या-तळ्यात नकोत.

आणि सुरुवात करण्याआधी माळीकाकांना विचारा की पाणी नेमकं कुठे आणि किती दिवस साचतं. ही माहिती कुठल्याही ड्रॉइंगवर नसते, त्यांच्याकडे असते. जागा कळली की झाड निवडणं सोपं आहे!