शिरगाव ते परळ : एका घाईच्या रक्तकर्करोगाची वाट

अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, थोडक्यात एएमएल, हा मोठ्या माणसांमध्ये फार वेगाने वाढणारा रक्ताचा कर्करोग आहे. अस्थिमज्जेतल्या पांढऱ्या पेशी पक्व होण्याआधीच अडतात आणि ‘ब्लास्ट’ नावाच्या या कच्च्या पेशी सगळी जागा व्यापतात. लाल पेशी घटल्याने धाप लागते, प्लेटलेट उतरल्याने हिरड्यांतून रक्त येते, अंगावर जांभळे डाग उठतात, ताप हटत नाही. उपचार न झाल्यास रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावतो.

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या शिरगावात किंवा पेडण्यात पावसाळ्यात असा ताप आला, की पहिली शंका डेंगीची. प्लेटलेट दोन्ही आजारांत उतरतात. फरक काचपट्टीवर कळतो. रक्ताचा थेंब पसरून रंगवला, की मोठ्या केंद्रकाचे ब्लास्ट दिसतात. काहींत लालसर काडीसारखे ‘ऑअर रॉड’ असतात, ती मायलॉइड पेशींची खूण. मग कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासतात. तीत साधारणपणे 20 टक्के किंवा जास्त ब्लास्ट आढळले, की निदान पक्के होते.

शिरगावला लोहखनिजाच्या खाणी असल्याने धुळीकडे बोट दाखवले जाणे साहजिक आहे. पण तिचा एएमएलशी संबंध सिद्ध झालेला नाही. बेंझीन, तीव्र किरणोत्सर्ग, पूर्वी घेतलेली केमोथेरपी आणि धूम्रपान ही ज्ञात कारणे. बहुतेक रुग्णांत कारण सापडतच नाही.

अमेरिकेत निम्मे रुग्ण निदानाच्या वेळी साधारण 68 वर्षांपुढचे असतात. भारतातल्या मोठ्या रुग्णालयांत मात्र चाळिशीच्या आसपासचे रुग्ण जास्त दिसतात. आपली लोकसंख्या तरुण आहे आणि अनेक वृद्ध तिथवर पोहोचतच नाहीत.

तरुण शरीर औषधे चांगली सोसते, तरी इथे पहिला महिनाच अवघड जातो. सायटाराबिन सात दिवस आणि डॉनोरुबिसिन तीन दिवस दिल्यावर दोन-तीन आठवडे प्रतिकारशक्ती जवळपास शून्यावर येते. औषधांना न जुमानणारे जिवाणू आणि बुरशी यांमुळे अनेक भारतीय केंद्रांत याच टप्प्यावर 15 ते 25 टक्के रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत. प्लेटलेटची पिशवी पाचच दिवस टिकते. त्यामुळे नातेवाइकांना रक्तदाते सतत शोधावे लागतात.

गोव्यातला रुग्ण डिचोली किंवा म्हापशाहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जातो. पुढे अनेकांना पाचशेहून अधिक किलोमीटरवरचे मुंबईतले परळ गाठावे लागते. तिथल्या 1941 साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1983 मध्ये भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. लांबच्या रुग्णाला औषधाइतकीच मुंबईतल्या राहण्याची, बुडालेल्या मजुरीची चिंता असते.

साठीच्या आतले सुमारे 35 ते 40 टक्के रुग्ण बरे होतात, साठीपुढचे 5 ते 15 टक्के. वृद्धांसाठी अॅझासायटिडिनला व्हेनेटोक्लॅक्सची जोड दिल्यावर सरासरी आयुष्य साडेनऊ महिन्यांवरून पावणेपंधरा महिन्यांच्या घरात गेले. ‘एपीएल’ हा उपप्रकार मात्र वेगळा. सुरुवातीचा रक्तस्राव टळला, तर आर्सेनिक आणि ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेल्या औषधाने त्याचे दहातले नऊ रुग्ण बरे होऊ शकतात.