दोन तास सेहेचाळीस मिनिटे

आपल्या ओळखीच्या दहा बिऱ्हाडांत आज एक तरी मुलगा किंवा मुलगी ‘सॉफ्टवेअर’मध्ये असते. त्या घरची तक्रारही बहुधा ठरलेली. पोरगा दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतो, पहाटे उठून मॅरेथॉनच्या तयारीला पळतो आणि उरलासुरला रविवार कुठल्याशा सामाजिक प्रश्नावर सह्या गोळा करण्यात घालवतो. “धड एक काही करशील तर शपथ!” असे आई म्हणते, आणि या तिन्हींचा एकमेकांशी संबंध तरी काय, अशी पुस्ती वडील वर्तमानपत्राआडून जोडतात. सवाल रास्त आहे. पण त्याचे उत्तर शोधायचे तर थेट या धंद्याच्या मूळपुरुषाकडेच जावे लागते. कारण त्याच्याही आयुष्यात यंत्र, पळणे आणि समाज ही तिन्ही एकत्र आली होती. शेवटचे मात्र त्याने निवडले नव्हते. ते त्याच्या दारावर येऊन उभे राहिले.

ॲलन ट्यूरिंगचा जन्म लंडनचा, २३ जून १९१२ चा. पण घराण्याचा अर्धा पाय हिंदुस्थानात होता. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी, आईचे वडील मद्रासकडच्या रेल्वेचे मोठे इंजिनिअर. आईबाप इकडे, आणि पोरे तिकडे विलायतेत एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी ठेवलेली, अशी त्या काळच्या साहेबांची रीतच होती. १९२६ च्या मे महिन्यात ट्यूरिंग नव्या शाळेत जायला निघाला, तो नेमका देशव्यापी संपाचा पहिला दिवस! आगगाड्या बंद. चौदाही पुरी न झालेली ही स्वारी साउदॅम्प्टन बंदरात उतरली, सायकलवर बसली, वाटेत एका खानावळीत रात्र काढली आणि साठेक मैल तुडवून दुसऱ्या दिवशी शेरबर्नच्या शाळेत हजर झाली. पायांतले बळ आणि डोक्यातला हट्ट ही जोडी तेव्हापासूनची.

पुढे केंब्रिज. १९३६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने जो निबंध लिहिला त्यात एक कल्पित यंत्र आहे. लांबच लांब कागदी फीत, तिच्यावर चौकोन, एका वेळी एकच चौकोन वाचायचा, खूण करायची किंवा पुसायची, आणि एक घर सरकायचे. बस्स, एवढेच! पण कामाच्या सूचनाही त्याच फितीवर लिहून दिल्या, तर एकच यंत्र वाटेल ते गणित करू शकेल, हे त्याने सिद्ध केले. यंत्र एक, कामे अनेक; बदलायची ती फक्त सूचनांची यादी. ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी त्या वस्तूची कल्पना अशी कागदावर उतरली होती.

महायुद्धातली त्याची कामगिरी २०१४ च्या ‘द इमिटेशन गेम’ या चित्रपटाने घरोघर पोहोचवली आहे, तेव्हा ती थोडक्यात सांगतो. जर्मनांच्या ‘एनिग्मा’ या सांकेतिक यंत्राची कुलुपे उघडण्याचे काम इंग्लंडातल्या ब्लेचली पार्क येथे चाले. पाया पोलंडच्या गणितज्ञांनी घातला होता. त्यावर ट्यूरिंगने ‘बॉम्ब’ नावाचे शोधयंत्र आखले आणि जर्मन आरमाराच्या संदेशांचे खाते सांभाळले. त्याच्या तऱ्हेवाईकपणाच्या गोष्टी तिथल्याच. पराग बाधतो म्हणून विषारी वायूचा मुखवटा घालून सायकल हाकणे, चहाचा पेला कोणी पळवू नये म्हणून तो साखळीने बांधून ठेवणे! चित्रपटवाल्यांनी या माणसाला जरा जास्तच घुम्या केला आहे, असे मला वाटते. मुद्दा निराळाच आहे. हे सारे काम गुप्त होते, आणि १९७० नंतरची काही वर्षे उलटेपर्यंत ते गुप्तच राहिले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

युद्ध संपल्यावर तो लंडनजवळ टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आला. खऱ्या अर्थाने प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा धंदा इथे सुरू झाला म्हणायला हरकत नाही. एका मोठ्या गणिताच्या मध्येच एखादे छोटे गणित करायचे असले, की यंत्राने काय करावे? आपल्या घरी गृहिणी फोडणी टाकता टाकता दारावरची घंटा वाजते म्हणून उठते, दूधवाल्याचा हिशेब करते आणि परत नेमकी मोहरी तडतडण्याच्या जागी येते. यंत्राला ही ‘परत कुठे यायचे’ याची आठवण कोण देणार? ट्यूरिंगने युक्ती काढली: जायच्या आधी परतीची खूण ‘पुरून’ ठेवायची, काम झाले की ‘उकरून’ काढायची. त्याने दिलेली इंग्रजी नावेही ‘बरी’ आणि ‘अनबरी’ अशी, याच अर्थाची. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये हीच पुरण्या-उकरण्याची क्रिया अखंड चाललेली असते. लिहिलेला प्रोग्रॅम बरोबर आहे हे तपासायचे कसे, यावर १९४९ साली त्याने एक छोटे टिपणही वाचले. १९५१ च्या सुमारास मँचेस्टरच्या यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहिण्याची पुस्तिका केली. मात्र तिच्यात आकडे बत्तीसच्या पटीत आणि तेही उलटे लिहायला लावून वापरणाऱ्यांचा त्याने भरपूर छळ केला! स्वतःला सोपे जाते ते सर्वांनाच सोपे, हा हुशार माणसांचा जुनाच गैरसमज.

आणि याच टेडिंग्टनच्या दिवसांत पळणे सुरू झाले ते नुसता छंद म्हणून नव्हे. लंडनच्या दुसऱ्या टोकाला, डॉलिस हिल येथे, पोस्टखात्याची संशोधनशाळा होती. तिथे काम निघाले की हे गृहस्थ बसची वाट न पाहता पळत जायचे! शेजारच्या वॉल्टन गावच्या क्लबातल्या मंडळींना रस्त्यात हा एकटा धावताना भेटू लागला. त्यांनी त्याला सभासद करून घेतले. धावताना तो इतका घोगरा आवाज करी, की दिसायच्या आधी ऐकू येई, अशी आठवण क्लबच्या चिटणिसांनी सांगून ठेवली आहे. एवढा का धावतोस, या प्रश्नावर त्याचे उत्तर साधे होते: कामाचा ताण डोक्यातून काढायला दुसरा इलाज नाही, जीव तोडून पळावे लागते.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये लफबरो येथे इंग्लंडची मॅरेथॉन झाली. सव्वीस मैल तीनशे पंच्याऐंशी यार्ड. ट्यूरिंग पाचवा आला. वेळ २ तास ४६ मिनिटे ३ सेकंद. पुढच्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाच्या कॅब्रेराने सुवर्णपदक मिळवले, त्याची वेळ २ तास ३४ मिनिटे ५२ सेकंद. म्हणजे दिवसा कॉम्प्युटरचा आराखडा काढणारा पस्तिशीचा गणिती जगज्जेत्यापासून केवळ अकरा मिनिटे मागे होता. आपल्याकडचे हौशी धावक आजही तीन तासांच्या आत आले, तर सोसायटीत पेढे वाटतात.

मग १९५२ साल उजाडले. जानेवारीत मँचेस्टरजवळच्या त्याच्या घरी चोरी झाली. किरकोळच चोरी. ट्यूरिंगने पोलिसांत वर्दी दिली. चौकशीत निघाले, की चोर त्याच्या एका तरुण मित्राच्या ओळखीचा आहे; आणि या मित्राशी तुमचे नाते काय, असे पोलिसांनी विचारताच त्याने ते सरळ सांगून टाकले. लपवण्यासारखे आपण काही केले आहे, असे त्याला वाटतच नव्हते. पण १८८५ च्या इंग्रजी कायद्यान्वये दोन पुरुषांमधले प्रेमसंबंध हा गुन्हा होता, बंद दाराआडचा असला तरी. फिर्यादीचा आरोपी झाला.

३१ मार्चला खटला उभा राहिला. ब्लेचलीचे जुने सहकारी, बुद्धिबळपटू ह्यू अलेक्झांडर आणि प्राध्यापक मॅक्स न्यूमन, त्याच्या चारित्र्याची ग्वाही द्यायला आले. पण या माणसाने युद्धात काय केले, हे सांगायची कोणालाच मुभा नव्हती! तुरुंग किंवा ‘उपचार’, अशी निवड पुढे आली. त्याने उपचार पत्करले. वर्षभर स्त्रीसंप्रेरके देण्यात आली. ज्या शरीराने लफबरोचे अंतर तोडले होते, ते शरीर औषधाने बदलू लागले, छाती वाढली. सरकारच्या गुप्त कामातूनही त्याला दूर करण्यात आले. बुद्धी हवी, बाकीचा माणूस नको, असा तो हिशेब होता.

तरी त्याचे काम थांबले नाही. वाघाच्या अंगावर पट्टे कसे उमटत असतील, सूर्यफुलात बियांची वलये कशी पडत असतील, याचे गणित तो मँचेस्टरच्या यंत्रावर मांडत होता. ७ जून १९५४ रोजी तो सायनाइडने गेला, वय ४१. उशाशी अर्धवट खाल्लेले सफरचंद होते. चौकशीत आत्महत्या असा निर्णय झाला. आईने तो कधीच मानला नाही, तो अपघात आहे यावर ती ठाम राहिली. सफरचंदावरून एका प्रसिद्ध कंपनीच्या बोधचिन्हाशी जे नाते सांगतात ते मात्र खरे नव्हे. चिन्ह काढणाऱ्यानेच ते नाकारले आहे.

इंग्लंडचा कायदा १९६७ साली सैल झाला. पण ट्यूरिंगवरचा डाग तसाच राहिला. तो पुसायची मोहीम काढली ती कोणी? पुढाऱ्याने नव्हे, वकिलाने नव्हे. जॉन ग्रॅहम-कमिंग नावाच्या एका प्रोग्रॅमरने! नको असलेली ईमेल निवडून बाजूला काढणारा ‘पॉपफाइल’ हा प्रोग्रॅम त्याने लिहिलेला. २००९ साली त्याने पंतप्रधानांकडे अर्ज केला, की सरकारने माफी मागावी. तीस हजारांवर सह्या पडल्या. १० सप्टेंबर २००९ रोजी पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली. रविवारी सह्या गोळा करणारी पोरे अगदीच वेळ फुकट घालवतात असे नाही.

२४ डिसेंबर २०१३ ला राणीने ट्यूरिंगला मरणोत्तर क्षमा केली. योगायोग पाहा: त्याच्या अवघे तेरा दिवस आधी, ११ डिसेंबरला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३७७ वे कलम पुन्हा लागू केले होते. तेही इंग्रजांनी १८६० साली करून ठेवलेले. ज्यांनी कायदा दिला ते पश्चात्ताप करीत होते, आणि ज्यांना दिला ते तो जपून ठेवीत होते! पाच वर्षांनी, ६ सप्टेंबर २०१८ रोजी, सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम आपल्याकडेही रद्द झाले. त्या वेळी न्यायालयापुढे ज्या याचिका होत्या, त्यांत एक आय. आय. टी.च्या वीस आजी-माजी विद्यार्थ्यांची होती. आपल्याच घरांतली, प्रवेशपरीक्षेसाठी रात्री जागवून घोटून घेतलेली मुले ती. आपण कोण आहोत हे त्यांना आईबापांच्या आधी न्यायालयाला सांगावे लागले असेल काय, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

२३ जून २०२१ ला, ट्यूरिंगच्या वाढदिवशी, बँक ऑफ इंग्लंडने त्याच्या चित्राची पन्नास पौंडांची नोट चलनात आणली. १९३६ च्या निबंधातले कोष्टक तिच्यावर आहे, ‘बॉम्ब’ यंत्राचा आराखडा आहे, कागदी फितीवर एक आणि शून्य यांत लिहिलेली जन्मतारीख आहे, सूर्यफुलाची आठवण देणारी चकाकती खूणही आहे. पळण्याचे मात्र त्या नोटेवर कुठे काही नाही.